अवीच्या पिकअपमधला टेप

अवी,

काल विहारात तुझ्यासाठी सभा झाली. बोलणाऱ्यांनी तुला मनमिळाऊ म्हटलं, कष्टाळू म्हटलं. एकजण तर म्हणाला, अविनाश आयुष्यात कधी कुणाशी भांडला नाही. मंगलानं आणि मी एकमेकींकडे पाहिलं. तुझी बायको आणि तुझी थोरली बहीण, तुझ्याशी सगळ्यात जास्त भांडलेल्या आम्ही दोघी पहिल्याच रांगेत बसलो होतो, आणि तो भला माणूस हे आमच्याकडे बघून बोलत होता. तू असतास तर खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाला असतास.

मलाही बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. मला तुझ्याशी बोलायचं होतं, आणि माइकवरून तुझ्याशी काय बोलणार?

मी उमरखेडहून कायमची परत आले ते दिवस तुला आठवत असतील. नांदणं मोडलं होतं. का मोडलं ते तुला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, आणि आपण दोघंही त्यावर कधी बोललो नाही. घाटंजीच्या आपल्या घरात आतल्या खोलीत मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आई हाक मारायची, मी उठायची, दोन घास खायची, पुन्हा पडायची. वस्तीतल्या बाया आजारी माणसाला पाहून जावं तशा येऊन मला पाहून जायच्या. कुणी म्हणे, पोरीचं मन मोडलं. कुणी म्हणे, लग्नाआधी शिकवलं म्हणून असं झालं.

तू त्याच सुमारास जुना पिकअप घेतला होतास. सकाळी कापूस वेचणीच्या बाया वावरात पोचवायच्या, दिवसभर लोकांचा कापूस जिनिंग मिलला न्यायचा, दिवस बुडायच्या आत बायांना घरी आणायचं. कापसाची ती वाईट वर्षं होती. अळीनं बोंडं पोखरलेली, भाव पडलेला, जवळच्या वावरांत वेचायला फारसं काही नाही. म्हणून बाया लांब जायला लागल्या, पार राळेगावच्या बाजूपर्यंत. लांब जायचं तर गाडी पाहिजे. तुझं पोट त्या लांबीवर चाललं होतं, आणि हे तुला आवडायचं नाही. "लोकायचं पिकलं असतं तं मले इतकं फिरा लागलं नसतं," असं तू म्हणायचास, आणि पुन्हा चावी घेऊन निघायचास.

मग बसस्टँडच्या बाजूनं दुसरा पिकअप सुरू झाला. त्यात टेप होता.

"ताई, बाया तिकडे चालल्या," तू एकदा जेवताना म्हणालास. "त्याच्या गाडीत गाणे वाजते."

"मंग तूही लाव."

"लावतो ना. तू बसवून दे."

मी ताटावरून मान वर केली. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला काहीतरी करायला सांगत होतं.

"मी घरातली वायरिंग शिकली, अवी. गाडीतली नाही."

"आयटीआयवाल्यायनं काय घरातला करंट वेगळा अन गाडीतला वेगळा, असं शिकवलं का?"

"वेगळाच असते."

"मंग तो वेगळा कसा असते ते पाह्य. यवतमाळच्या दुकानवाल्यानं बसवाचे जे सांगतले ना, तेवढ्यात मी दुसरा पिकअप घेईन."

एवढं बोलून तू हात धुवायला गेलास. लग्नाआधी यवतमाळला मी वायरमनचा कोर्स केला होता, आणि त्याचं प्रमाणपत्र पेटीत साड्यांच्या खाली पडून होतं. आपल्या घरात ते फक्त तुलाच आठवलं.

पुढच्याच आठवड्यात तू भंगारवाल्याकडून टेपचा एक डेक आणलास. कुठल्यातरी ठोकलेल्या जीपमधून काढलेला. मागून सगळ्या रंगांच्या तारा लोंबत होत्या, कापून ओढल्यासारख्या. माझ्यासमोर तो ठेवलास तेव्हा तुझा चेहरा मांजरानं उंदीर आणून दाखवावा तसा होता.

"हे चालू आहे का बंद, काही विचारलं का?"

"विचारलं. तो म्हने, लावून पाहा."

अंगणात निंबाखाली गाडी उभी केली. मी पदर खोचला आणि पहिल्यांदा त्या पिकअपच्या सीटखाली डोकं घातलं. समोरच्या प्लास्टिकमध्ये टेपसाठी जागाच नव्हती, नुसतं गुळगुळीत झाकण. तू हॅकसॉचं पातं चुलीवर तापवून आणलंस आणि आपण दोघांनी ते झाकण वितळवत वितळवत कापलं. खोकला आणि डोळ्यांत पाणी. आई दारातून ओरडली, "गाडी पेटवता का काय बे!" भोक वाकडं झालं. शेवटपर्यंत वाकडंच राहिलं.

तारा ओळखायला माझ्याकडे मीटर नव्हता. तुझ्या जुन्या इंडिकेटरचा बल्ब घेतला, त्याला दोन तारा जोडल्या, आणि एकेक जागा तपासत गेले. इथं बल्ब कायम पेटतो, म्हणजे ही सरळ बॅटरीची. इथं चावी फिरवल्यावर पेटतो, म्हणजे ही चावीची. तू स्टिअरिंगवर बसून मी सांगेन तशी चावी चालू-बंद करत होतास आणि मध्येमध्ये विचारत होतास, "पेटला? आता पेटला?" मी सीटखाली उताणी पडले होते. बल्ब माझ्या छातीवर पेटत होता, विझत होता. त्या वेळी माझ्या डोक्यात फक्त तो बल्ब होता, दुसरं काहीच नव्हतं. किती दिवसांनी असं झालं होतं, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं.

स्पीकर विकत घ्यायचे नव्हते. वस्तीतल्या दोन बंद पडलेल्या टीव्हींतून ते काढले. जुन्या कपाटाच्या प्लायवूडचे दोन डबे केले, सीटच्या मागं अडकवले. जिथं तार पत्र्यातून आत यायची तिथं पत्रा तिला कापू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. फ्यूज मात्र मी नवा आणायला लावला. तू म्हणालास, "त्याच्याबिगर चालत नाही का?" मी म्हटलं, "चालते. आग लागेपर्यंत." मग आणलास.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा काय आलं, आठवतं? आधी खरखर, मग रेडिओवरच्या एका बाईचा स्वच्छ आवाज. बाजारभाव सांगत होती. कापसाचाच.

"हे ऐकाले बसवला का आपन!" तू म्हणालास, आणि मी हसले. आई बाहेर आली. मी हसतेय हे पाहून ती पुन्हा आत गेली. आत जाऊन ती रडली, हे तूच मला नंतर सांगितलंस.

काम एका फटक्यात झालं नाही, हेही खरं. गाडी सुरू केली की गाण्यामागं एक बारीक शिटी वाजायची, आणि तू अॅक्सिलरेटर दाबशील तशी ती चढत जायची. तू म्हणायचास, बाई गाऊन राह्यली अन मागं डास गाऊन राह्यला. मी दोन दिवस डोकं खाजवलं. मग ध्यानात आलं की मी अर्थची तार ज्या बोल्टला बांधली होती तो बोल्ट रंगवलेला होता. दुसरी जागा शोधली, पॉलिशपेपरनं घासून लोखंड उघडं केलं, तिथं तार आवळली, आणि बॅटरीची तार स्पीकरच्या तारांपासून दूर नेली. शिटी गेली. तू गाडीतून उतरून दोन्ही हातांनी मला सलाम ठोकलास. हलकट.

आणि ती सकाळ! चावीची तार डेकपर्यंत पुरत नव्हती, म्हणून मी घाईत सगळंच बॅटरीच्या तारेवर जोडून टाकलं होतं. तुला बजावलंही होतं, टेप हातानं बंद करायचा, चावी काढली तरी तो चालूच राहतो. तू विसरलास. सकाळी गाडी हूं की चूं करेना. चौकात वेचणीच्या बाया डबे घेऊन उभ्या. मग शेवंताबाईनं, आपल्या वस्तीतल्या बायांची ती म्होरकी, पदर खोचला आणि सगळ्यांनी मिळून तुझा पिकअप ढकलला. गाडी सुरू झाली आणि टेपही सुरू झाला, रात्री अडकला होता तिथूनच. बाया हसून हसून रस्त्यावर बसल्या. दुसऱ्या दिवशी मी तार आणून काम नीट केलं, पण त्यानंतर बाया बसस्टँडच्या गाडीकडे फिरकल्या नाहीत. टेप त्याचा तुझ्यापेक्षा चांगला होता. पण त्याची गाडी कुणी ढकललेली नव्हती.

तू जो भेटेल त्याला सांगत सुटलास, "ताईनं बसवला." पेट्रोलपंपावर, जिनिंगमध्ये, चहाच्या टपरीवर. कुणी विचारो न विचारो. मग एक ट्रॅक्टरवाला आला, त्याला ट्रॉलीचे दिवे लावायचे होते. मग एक ऑटोवाला. मग कुणाचा पंखा, कुणाची पाण्याची मोटर. ज्या बाया मला पाहून जायच्या त्याच आता मिक्सर घेऊन यायला लागल्या. मग मी दुरुस्तीचं दुकानच काढलं, आणि त्याचं शटर पहिल्यांदा उघडलं त्या दिवशी तू पिकअप समोर आडवा लावून आवाज इतका मोठा केलास की शेजारच्या शिंप्यानं हात जोडले.

तुला एक विचारायचं राहून गेलं, अवी. तू मला ते काम सांगितलंस ते दुकानवाला परवडत नव्हता म्हणून, की मी उठावी म्हणून? किती वेळा ओठांवर आलं. पण तू हसून टाळलं असतंस, आणि खरं काय ते मला कळलं नसतं, म्हणून मी विचारलं नाही. आता मी दोन्ही खरं धरते.

गाडीत कुठली गाणी वाजणार, यावरून सुरुवातीला रोज भांडण. शेवंताबाईच्या बायांना आपली निळ्या झेंड्याची गाणी पाहिजेत. बंजारा तांड्यावरून चढणाऱ्या सोनीबाईला तिच्या गोरमाटी बायांची गाणी पाहिजेत. गावातल्या दोघीतिघी कास्तकाराघरच्या, स्वतःचं वावर असूनही त्या वर्षांत दुसऱ्याच्या वावरात वेचायला निघालेल्या, त्यांना भजनं पाहिजेत. तू नियम केलास, जी कॅबिनमध्ये बसेल तिची कॅसेट. आणि कॅबिनमध्ये बसायची पाळी रोज बदलायची. या नियमानं भांडण मिटलं, आणि काही महिन्यांत सगळ्यांना सगळ्यांची गाणी पाठ झाली. सोनीबाई तुला "भिया" म्हणायची, तिच्या बोलीत भाऊ. तुला दुसरी बहीण मिळाली म्हणून मी चिडवायची, आणि तू म्हणायचास, "ही तरी भांडत नाही."

आता ते बोलते जे आपण शेवटपर्यंत मिटवलं नाही.

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. परतीच्या रस्त्यावरचं गाव, तिथल्याही दोन-चार वावरांचा कापूस तू न्यायचास. त्या दिवशी कॅबिनमध्ये शेवंताबाई होती, म्हणजे गाणी आपली. गावच्या चौकात पारावर बसलेली माणसं उठून रस्त्यावर आली आणि गाडी अडवली.

"हे गानं बंद कर," एकानं खिडकीत हात घालून म्हटलं. "आमच्या गावातून हे वाजवत जाचं नाही."

तू बटण फिरवलंस. टेप बंद झाला. त्यांनी रस्ता सोडला. तू बायांना घरी पोचवलंस आणि येऊन मला जसं घडलं तसं सांगितलंस. तुझा आवाज साधा होता. माझाच फाटला.

"तू बंद केला?"

"केला."

"काहून केला? रस्ता त्यायच्या बापाचा आहे का?"

"मागं बाया होत्या, ताई."

"मंग काय झालं? बायायनं तुले बंद कराले सांगतलं होतं?"

"मागं बाया होत्या," तू पुन्हा एवढंच म्हणालास, आणि आईनं वाढलेलं ताट तसंच सोडून बाहेर गेलास.

मी रात्रभर धुमसत राहिले. तो टेप मी माझ्या हातांनी बसवला होता. ज्या हातांना उमरखेडला उठताबसता नावं ठेवली जायची, त्याच हातांनी. कुणीतरी खिडकीतून हात घालून तो बंद करायला लावतो, आणि तू करतोस, हे मला सहन होईना. सकाळी मी दुकान उघडलंच नाही. बायांच्या आधी कॅबिनमध्ये जाऊन बसले. तू माझ्याकडे पाहिलंस आणि गाडी काढलीस. दिवसभर मी वावराच्या कडेला धुऱ्यावर बसून होते. संध्याकाळी परत निघालो तेव्हा आपली कॅसेट मीच लावली.

ते गाव दिसायला लागलं. तुझा हात बटणाकडे गेला. मी तुझं मनगट धरलं.

"अवी, नोको."

"सोड ताई."

"आज बंद केला तं उद्या म्हनतील गाडीच आनू नोको."

"उद्याचं उद्या पाहू. आज मागं सोनीबाईची सून आहे, तिले सातवा लागला आहे. एखाद्यानं गोटा मारला तं मी कोनाले तोंड दाखवू?"

माझा हात सुटला. तू टेप बंद केलास. मी खिडकीबाहेर पाहत बसले. गाडी चौकाजवळ आली. पारावर तीच माणसं होती, उठून उभी राहत होती.

आणि मागून आवाज आला. आधी शेवंताबाईचा एकटीचा, घोगरा, दिवसभर उन्हात वेचून कोरडा पडलेला. तेच गाणं, जिथं तू तोडलं होतंस तिथून. मग वस्तीतल्या बाकीच्या बाया. मग सोनीबाई आणि तिच्या तांड्याच्या बाया, शब्द थोडे वाकडे, पण चाल पक्की. मी मागच्या काचेतून पाहिलं. कास्तकाराघरच्या त्या दोघीतिघी गात नव्हत्या, पण टाळी देत होत्या. कापसाच्या गाठोड्यांवर बसलेल्या सगळ्याजणी, डोक्याला फडकी बांधलेल्या, सरळ समोर बघत.

तू गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकलीस. पळवली असतीस तर मी समजू शकले असते. तू ती इतकी हळू नेलीस की चालणारा माणूस पुढं गेला असता. पारावरच्यांतला एकजण दोन पावलं पुढं आला. मग थांबला. गाडी अडवून कुणाला काय बंद करायला सांगणार होता तो? एक म्हातारा खाली मान घालून घराकडे वळला. बाकीचे नुसते उभे राहिले. आपण चौकातून पार झालो, गाव मागं पडलं, आणि बाया अजून गातच होत्या. तू रडत होतास. मीही.

"पाह्यलं?" तू नाक पुसत म्हणालास. "एवढा आवाज तुह्या डब्यात आहे का?"

"डबा चालू असता तं दोन्ही आवाज झाले असते," मी म्हटलं.

हे भांडण मग कायमचं झालं. त्यानंतर दर वर्षी वेचणीत ते गाव आलं की तू टेप बंद करायचास आणि मागून बाया सुरू व्हायच्या. मी म्हणायची, त्यांनी सांगितलं म्हणून तू अजूनही बंद करतोस. तू म्हणायचास, मी त्यायच्यासाठी बंद नाही करत, बायायसाठी करतो, टेप चालू राह्यला तं त्यायनं गावं कायले? त्या गावच्या लोकांनी एक हंगाम तुला कापूस दिला नाही. ते नुकसान तू गपचूप सोसलंस. पुढच्या वर्षी चिखलात दुसरी कुठली गाडी तिथं जाईना, तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, आणि तू गेलास. मी चिडले, तर म्हणालास, "कापसानं कोनाले अडवलं होतं?" माफी कुणी मागितली नाही. तूही मागायला लावली नाहीस.

मी आजही म्हणते, तू टेप चालू ठेवायला हवा होतास. निदान एकदा. तुझं उत्तर मला पाठ आहे, पण ते तुझ्या तोंडून आल्याशिवाय भांडणाला मजा नाही.

या वर्षीची वेचणी सुरू झाली आणि तू गेलास. जिनिंगच्या आवारात गाड्यांची लाइन लागली होती, दुपारची वेळ, तुझा नंबर यायचा होता. तिथल्या हमालानं मला सांगितलं ते असं. तू छातीवर हात ठेवलास, गाडी सुरू केलीस, लाइनीतून काढून कुंपणाच्या कडेला लावलीस, मागच्या गाडीला हातानं पुढं जायची खूण केलीस, आणि मग मागं चढून कापसावर आडवा झालास. पाहणाऱ्यांना वाटलं, डुलकी घेतोय. मरणाच्या कळेतही तुला दुसऱ्याचा नंबर अडायला नको होता. यावरून मी तुझ्याशी भांडू की काय करू, मला अजून कळत नाही. तू लाइनीत तसाच पडला असतास, तर मागच्यांनी हॉर्न वाजवले असते, लोक लवकर धावले असते. डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही. मी त्यांचं ऐकते, पण रोज एकदा तरी माझं मन त्या लाइनीत जाऊन हॉर्न वाजवतं.

यवतमाळच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तू बोललास. नाकावरचा मास्क बाजूला केलास, मी ओरडले, तरी केलास.

"गाडीतला कापूस उतरवला का?"

"उतरवला."

"कास्तकारासमोर मोजला ना?"

"मोजला. तू चूप राह्य."

मग म्हणालास, "मंगलाले सांगजो, भेऊ नोको म्हनून."

"तूच सांग ना. बाहेरच उभी आहे."

मी तिला बोलवायला गेले. ती आत आली तेव्हा तुझे डोळे मिटले होते, पण तिचा हात तू ओळखलास आणि घट्ट धरलास. एवढंच मी दारातून पाहिलं आणि बाहेर थांबले. ते तुमचं दोघांचं होतं.

आपल्या घरात आभार मानायची रीत नाही. आईचे आपण कधी मानले नाहीत, तुझे मी मानले नाहीत. मानले असते तर तू विचारलं असतंस, ताप आला का? म्हणून इथं लिहिते, म्हणजे तुला काही बोलता येणार नाही. मी त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते, अवी, आणि तू मला दया न दाखवता काम सांगितलंस. दया दाखवणारे खूप होते. काम सांगणारा तू एकटा.

तुला पोचवून आलो त्या संध्याकाळी अंगण भरलेलं होतं. वेचणीच्या बाया त्या दिवशी कुणीच कामाला गेल्या नव्हत्या. आपल्या वस्तीतल्या, तांड्यावरच्या, गावातल्या, सगळ्या निंबाखाली दाटीवाटीनं बसलेल्या. सोनीबाई आल्यापासून जमिनीवर हात आपटत होती आणि तिच्या बोलीत काहीतरी म्हणत होती, त्यातलं मला फक्त "भिया" कळत होतं. मंगला उंबऱ्याशी बसली होती. दवाखान्यातून आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. रडलीही नव्हती. मला तिची भीती वाटायला लागली होती.

अंधार पडायला आला तशा बाया उठायला लागल्या. शेवंताबाई माझ्याजवळ आली. काहीतरी विचारायचं होतं तिला, आणि विचारायची लाज वाटत होती. शेवटी खाली बघत म्हणाली, "ताई, राग नोको मानू वं. वावरवाल्याचा निरोप आहे. कापूस झाडावर फुटून लोंबून राह्यला. उद्या आमाले कोन नेईन?"

असं कसं विचारते, असं क्षणभर मनात आलं, आणि मग कळलं की दिवसभरात तुझ्याविषयी यापेक्षा खरं कुणीच काही बोललं नव्हतं.

मंगला उठली. आत गेली, तुझा मोबाईल घेऊन बाहेर आली. शेवंताबाईला विचारलं, "कोनाचं वावर?" तिनं सांगितलं. मग मंगलानं बसस्टँडच्या त्या दुसऱ्या पिकअपवाल्याचा नंबर लावला. मी तिच्या अगदी शेजारी उभी होते, म्हणून मला पलीकडचा आवाज ऐकू आला. त्या माणसाला कुणी कळवलं नव्हतं, किंवा तो परगावी होता. त्यानं तुझं नाव पाहून फोन उचलला आणि नेहमीसारखं म्हणाला, "हां, बोल अवी."

मंगलानं फोन कानाला घट्ट दाबला.

"अवी नाही जी," ती म्हणाली. "मी मंगला बोलून राह्यली. उद्या सकाळी गाडी पाहिजे."